डोरीनच्या दाराबाहेरचे गमबूट

आमच्या स्वेलडेलच्या दरीत कुणाच्या घरी कोण बसलंय हे बघायला आत जावं लागत नाही. मागच्या दाराशी नजर टाकली की झालं. चिखलाचे गमबूट घालून स्वयंपाकघरात शिरेल असा माणूस इथे अजून जन्मला नाही, आणि जन्मलाच तर त्याची आई त्याला सरळ करेल. बूट दाराबाहेर काढायचे, आणि कुणाचे बूट कुठले हे अख्ख्या दरीला तोंडपाठ. रेग पीकॉकच्या टाचा बाहेरून झिजलेल्या, पाद्रीबाईंचे बूट निळे, आणि नॉर्मन रुकिनच्या डाव्या बुटावर सायकलच्या ट्यूबचं लाल ठिगळ. ते ठिगळ पार वरच्या रस्त्यावरून दिसायचं. मी शेतीच्या सामानाचं दुकान चालवते, बूटही विकते, त्यामुळे मला जरा जास्तच दिसतं. विनी भोचक आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत बापडे.

नॉर्मन साठीला टेकलेला, बिनलग्नाचा. डोंगरावर मेंढ्या, घरात एक कुत्री, आणि कोटाला बटणांच्या जागी गवताचे गठ्ठे बांधायची दोरी. माणसांशी बोलायचा ते हवेपुरतं. नवी वस्तू घेणं म्हणजे त्याला पापच वाटायचं. असा हा धोंडा डोरीन कॅल्व्हर्टच्या प्रेमात पडला.

डोरीन त्याच्या शेजारच्या शेतावरची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जीभ तिखट, पण हाताला चव अशी की तिचा फळांचा केक आणि त्यावर चीजचा तुकडा खाल्ला की माणूस शिव्याही गोड मानून घेतो. मेंढ्या व्यायच्या दिवसांत नॉर्मन तिच्या मदतीला जायला लागला. मेंढ्या व्यायल्या, कोकरं उड्या मारायला लागली, तरी याची मदत संपेना. एवढं सगळं ठीक होतं, पण लाज आडवी आली. लोकांना कळेल म्हणून हा गडी बूट तिच्या गवताच्या कोठारात लपवायचा आणि पायमोज्यांवर अंगण ओलांडून स्वयंपाकघरात जायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवायचं! आमच्याकडच्या एप्रिलात अंगण म्हणजे बर्फाचं पाणी आणि शेण. उन्हाळा लागला तरी त्याचं नाक वाहत होतं.

शेवटी एका दुपारी तो दुकानात आला आणि शिंकत म्हणाला, "विनी, गमबूट दाखव. चारचौघांच्या पायात असतात तसे. ओळखू येता कामा नयेत."

मी हसू गिळलं. पण बूट विकताना मी थट्टा करत नाही. त्याला म्हटलं, घरून जाड लोकरीचे मोजे घालून ये, आणि दिवसभर राबून संध्याकाळी ये. सकाळच्या पायाला बसलेला बूट संध्याकाळी चावतो. तो आला तसा. मी त्याला बूट वाकवायला लावले. घडीवर रबर पांढरं पडलं तर ते दोन हिवाळ्यांत तडकणार, मऊ राहिलं तर टिकणार. मग त्याला दुकानभर चालवलं. टाच आत उचलली जाते का, बोटं हलतात का, पोटरीला काठ घासतो का. अडलेल्या मेंढीमागे बसतात तसा उकिडवा बसवला. एक जोडी घोट्यात रुतली, एकीत टाच सुटून पचक पचक वाजायला लागली. तळव्याच्या खाचा खोल हव्यात पण रुंदही हव्यात, नाहीतर अर्धं शेत पायाला चिकटून घरी येतं. शेवटी साधे हिरवे, आत उबदार अस्तराचे बूट त्याला असे बसले की त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं ते.

"आईशप्पथ, मी उगाच एवढी वर्षं लंगडत होतो," तो म्हणाला.

घोळ तिथेच झाला. डोरीनच्या दाराशी हिरवे, नवेकोरे, अनोळखी बूट दिसायला लागले. नवे बूट घेण्याच्या बाबतीत नॉर्मनचं नाव कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. झालं! डोरीनकडे कुणी परका येतो, शहरातला असणार, तिच्या कुरणांवर डोळा असणार, अशी बोंब दरीभर झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पबमध्ये रेग पीकॉक टेबलावर मूठ आपटून त्या परक्याला शिव्या घालत होता आणि नॉर्मन शेजारीच बसला होता. आता गप्प राहावं की नाही? पण संशय नको म्हणून तोही म्हणाला, असा लपूनछपून येणारा माणूस लबाडच असणार, त्याला हाकललाच पाहिजे.

ते डोरीनच्या कानावर गेलं. कुणी सांगितलं ते विचारू नका.

ती ताडताड दुकानात आली. म्हणाली, "लीड्सहून मुलगी रविवारी येतेय. मेंढ्या विकून तिच्याकडे राहायला ये म्हणून मागे लागलीय. मी थांबले होते ती या बावळटासाठी. आता तो चारचौघांत, दिवसाउजेडी, माझ्या पुढच्या दारातून बाहेर पडला तर मी राहीन. नाहीतर चालले." मी म्हटलं, हे त्यालाच सांग ना. ती म्हणाली, सांगितलंय, तर तो खाली बघून केक खात बसला.

मला खरंच वाईट वाटलं. तो तिच्याशिवाय पुन्हा हवेपुरताच बोलत राहिला असता.

शनिवारी दुपारी रेग आणि आणखी चार-पाच जण डोरीनच्या अंगणात जाऊन उभे राहिले. परक्याला धडा शिकवायचा बेत होता. मीही गेले, माझं काय जातंय! मागच्या दारातले हिरवे बूट रेगने उचलले आणि पुढच्या अंगणात येऊन ओरडला की बूट हवे असतील तर बाहेर ये.

आत काय झालं ते मला डोरीनने नंतर सांगितलं. नॉर्मन पांढराफटक पडला. मागच्या दाराकडे आता कुणी नव्हतं. तिथून निघालं की ओढा, ओढ्यापलीकडे त्याचं शेत. पायमोज्यांवर पळायची सवय होतीच. डोरीन भांडी विसळत उभी राहिली, पण कान दाराकडे होते.

पुढचं दार उघडलं. नॉर्मन पायमोज्यांवर बाहेर आला.

रेगचा चेहरा खुलला. त्याने नॉर्मनच्या पाठीत थाप मारली. आमच्या आधी येऊन धरलास होय त्याला, म्हणाला, शाबास, कुठे कोंडलाय? बाकीचेही वाहवा करायला लागले. बघा आता, सुटकेची वाट आयती पायापाशी आली होती. नुसती मान हलवली असती तरी गडी गावचा हिरो झाला असता. नॉर्मनने आपल्या पायमोज्यांकडे बघितलं.

"बूट इकडे दे, रेग," तो म्हणाला. "माझे आहेत."

कुणी विश्वासच ठेवेना. तू आणि नवे बूट? रेग हसून हसून वाकला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तूच सांग, तू विकलेस का याला? मी म्हटलं, गिऱ्हाइकांच्या गोष्टी मी चव्हाट्यावर मांडत नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदाच मी असं वागले, त्यामुळे सगळे बुचकळ्यात पडले. नॉर्मनने बूट ओढून घेतले, पायरीवर बसून घातले, आणि अंगणात चालून दाखवलं. टाच उचलली गेली नाही, काठ घासला नाही. हे बूट त्याच्याच पायाचे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. हसणं बंद झालं.

तेवढ्यात डोरीन हात पुसत दारात आली.

"बूट कुणाचे ते ठरलं," ती म्हणाली. "आता हा कुणाचा, तेही याला विचारा."

नॉर्मन कानापर्यंत लाल झाला. आधी त्याने आभाळाकडे बघितलं. मला वाटलं, मेला हा आता पाऊस येणार म्हणतोय.

"तुझा," तो तिला म्हणाला. "तुला चालत असेल तर. लीड्सला जाऊ नकोस."

डोरीनने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग ती म्हणाली की उद्या मुलगी जेवायला येणार आहे, तेव्हा बारा वाजता हजर राहा आणि तोंड उघडून बोल. रेगने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि काहीतरी पुटपुटत फाटकाकडे निघाला. बाकीचे त्याच्यामागे. मी मात्र थांबले, कारण आत केक कापला जात होता आणि मला कुणी जा म्हटलं नव्हतं.