बाटलीतला दुसरा माणूस

लघवीकडे आदरानं बघणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. जालन्याच्या एका कॉलेजात त्यांचं क्रोमॅटोग्राफीचं यंत्र आहे. किडनीच्या पेशंटची लघवी त्यात सोडली की ती दाबानं एका बारीक नळीतून जाते, तिच्यातली द्रव्यं एकेक सुटी होतात आणि पडद्यावर प्रत्येकाचं शिखर उमटतं. किडनीनं अंगातलं किती विष बाहेर टाकलं ते त्या शिखरांवरून मोजायचं, असा हा त्यांचा पीएचडीचा उद्योग. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला की हे विचारणार, "दिवसातून कितीदा जाऊन राह्यले?" एसटीत मांडीवर बाटल्यांची पिशवी. कंडक्टरनं "काय हाये?" विचारलं तर लाजायचं सोडून अभिमानानं सविस्तर सांगतात, आणि शेजारची सीट अंबड येईपर्यंत रिकामी राहते. यंत्राला ते अहो-जाहो करतात. "आज ते जरा नाराज हायेत," असं एकदा म्हणाले, तेव्हा मला वाटलं सासरे रुसले.

गेल्या वर्षी मात्र या माणसाच्या चार वर्षांच्या कामावर पाणी पडायची वेळ आली. बाटल्यांवर नाव नसतं, त्यांचे सर नुसते नंबर घालतात. सतरा नंबरच्या बाटलीत तंबाखूचं भलंमोठं शिखर निघालं, आणि फॉर्मवर तर लिहिलेलं, व्यसन नाही. सर म्हणाले, "तुमची पद्धतच चुकीची आहे. आठ दिवसांत उलगडा करा, नाहीतर काम बंद." साडू म्हणाले, "सर, यंत्र बराबर हाये. या बाटलीत दोन माणसं हायेत." सगळं डिपार्टमेंट हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

शेवटी सरांनी नंबरांपुढची नावं ठेवलेलं बंद पाकीट फोडलं, तर नाव निघालं आमच्याच सासूबाईंचं! किडनीच्या त्याही पेशंट. आम्ही दोघे जावई तडक कुंभार पिंपळगावला. सासऱ्यांनी तासभर दाद दिली नाही. आमच्या सासऱ्यांनी आजवर जावयाला अर्धी पिशवी कधी दिलेली नाही. तूरडाळ असो की शेंगा, पिशवीचं तोंड बांधता येणार नाही इतकी भरणार. दुसऱ्या चहाला ते हळूच म्हणाले, "जावईबापू, चोवीस तासाची लघवी भराया बाटली दिल्ती तुम्ही. हिची भरली पाव. जावयाच्या हातात तशी उणी बाटली द्यायची? मंग म्या घातली भर."

आतून सासूबाई कडाडल्या, "अगं बाई! तंबाखू सोडा म्हणून जन्मभर वरडले, अन् शेवटी माझ्याच बाटलीत घातली व्हय!"

साडूंनी भर अंगणात सासऱ्यांना उचलून गरकन फिरवलं. "मामा, बिलकुल बराबर निघालो मी! दोन माणसं! बोललो होतो का न्हाई?" दुसऱ्या दिवशी नवी बाटली घेतली, पावच भरलेली. तंबाखूचं शिखर साफ गायब. सरांनी उठून हात मिळवला, हसणाऱ्यांनी पेढे आणले, आणि आमच्या साडूंनी पहिला पेढा यंत्रापुढं ठेवला. इतका खूश माणूस मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पेढे घेऊन आम्ही पुन्हा गावी गेलो. पण त्या नव्या बाटलीत विषाचं शिखरही बुटकं झालेलं होतं. म्हणजे सासूबाईंची किडनी फारसं काही बाहेर टाकतच नव्हती. पहिल्या बाटलीतला चांगला आकडा सासऱ्यांनी घातलेल्या भरीचा होता. साडूंनी हे त्यांना ओसरीवर बसून, सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू समजावलं. सासऱ्यांनी पेढा हातातच धरला होता.

"म्हंजी माझ्या किडन्या चांगल्या निघाल्या म्हणा की," ते म्हणाले.

"हो मामा. एकदम चांगल्या."

"मंग त्यातली एक तिला देता येती का?"

आमचे साडू लघवीवर तीन तास न थांबता बोलू शकतात. त्या दिवशी त्यांनी नुसता सासऱ्यांचा हात धरला आणि म्हणाले, "उद्याच इचारतो, मामा. उद्याच."