पितांबरचा बिल्ला

धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात पितांबर एक्स-रे काढायचा. उंच, वाळका, मूळचा एरंडोलचा. दिवसभर त्याच्या तोंडी एकच पाढा असे : श्वास घ्या, रोखा, हलू नका. घरी त्यानं नुसता श्वास घेतला तरी आपण थांबतो, असं त्याची बायको लताबाई हसत सांगायची.

पेशंटशिवाय त्या खोलीत कुणी थांबायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. पण आपल्याकडे माणूस दवाखान्यात एकटा येत नाही. एका मोडलेल्या हातामागं पिंपळनेरहून सात माणसं येत, आणि सातांनाही आत यायचं असे.

"बाहेर व्हा, आबा."

"का बरं? नातू मन्हाच शे ना."

"दिसणार तुम्हाला काही नाही. किरणं मात्र फुकट लागतील."

पोर फारच रडत असलं, तर धरायला तो एकाच माणसाला ठेवी, तेही अंगावर शिशाचा एप्रन चढवून. ते ओझं खांद्यावर पडल्यावर एका आबांनी विचारलं, "हाई तं बैलनी झूल शे. आते पोळा कधी?" पितांबर हसला नाही. बटण दाबून झाल्यावर हसला.

स्वतःच्या बाबतीत तो याहून कडक होता. एप्रनच्या आत, छातीवर, त्याचा बिल्ला असे. बिल्ल्यात फिल्मचा छोटा तुकडा. दर तीन महिन्यांनी तो तुकडा मुंबईला जायचा आणि पितांबरच्या अंगावर किती किरणं पडली ते तिकडून कळायचं. काम संपलं की बिल्ला खोलीबाहेरच्या खिळ्याला लावायचा. किरणं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आवाज नाही. अशा गोष्टीशी रोजचा संबंध ठेवायचा, तर साक्षीदार एवढाच.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत साक्षीदार उलटला. मागच्या तीन महिन्यांत पितांबरला ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट किरणं लागली आहेत, असं मुंबईहून पत्र आलं. कारण कळवा, तोवर माणसाला यंत्रापासून दूर ठेवा.

दवाखाना चालवणाऱ्या गिरधर डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून घेतलं. "रक्त ठीक आहे तुझं. पण कारण सापडलं नाही, तर मला तुला त्या खोलीत पाठवता येणार नाही. कधीच."

एक्स-रेला बदली माणूस आला आणि पितांबर केसपेपरच्या खिडकीत बसला. नाव, वय, गाव. सवयीनं तो रांगेतल्या माणसाला म्हणे, "हलू नका," आणि माणूस खरंच ताठ उभा राही. लोक हसत. रात्री तो लताबाईला विचारी, मी कुठं चुकलो? तिनं त्याला आवडती झणझणीत डाळगंडोरी करून घातली. त्यानं ती खाल्ली, पण उत्तर मिळालं नाही.

दवाखान्यात झाडलोट करणारी भागाबाई रोज त्याच्या खिडकीपाशी चहा ठेवून जाई. सोळाव्या दिवशी म्हणाली, "भाऊ, एक सांगू? तुम्ही दसराले गावले गयात ना, म्हनीसन यंत्र रुसनं."

"यंत्र रुसत नही, अक्का."

"मंग? मी तं तुमना वाटानी बी पूजा करी. यंत्रले हार घाला, टेबलले, एप्रनले, बठ्ठास्ले कुकू लायं. तुमना बिल्लालेच कसं सोडू?"

पितांबरनं कप खाली ठेवला. "बिल्ला कोठे व्हता?"

"यंत्रलेच बांधा, हारमा. त्या नळीनी बाजूले."

"कितला दिन?"

"हार सुकस तवलोंग. आठ दिन तं व्हतीन. मंग पुशीसन खिळाले लाई दिधा."

दसऱ्याला पितांबर एरंडोलला आठ दिवस सुट्टीवर होता. त्या आठ दिवसांत बदली माणसानं ढिगानं एक्स-रे काढले होते, आणि किरणं सुटतात त्या नळीशेजारी, झेंडूच्या हारातून, बिल्ल्यानं ते सगळे मोजले होते. पितांबर इतका हसला की केसपेपरची रांग पुढं सरकून बघायला आली.

भागाबाई मात्र रडवेली झाली. "मन्ही नोकरी जाई का भाऊ?"

"नाही जाणार. झालं ते कागदावर लिहू, त्याखाली अंगठा द्यावा लागेल."

डॉक्टर पत्र लिहायला बसले आणि अडले. "दसरा कसा लिहायचा सरकारी कागदावर?"

"झाला तसा लिहा," पितांबर म्हणाला. "आणि फिल्म पुन्हा बघा म्हणावं. बिल्ल्यात पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांची सावली फिल्मवर पडते. छातीवरचा बिल्ला माणसाबरोबर हलतो, सावली पुसट येते. तो तर आठ दिवस हलला नाही."

भागाबाईचा अंगठा उमटला. कागद गेला. महिन्याभरानं उत्तर आलं : सावल्यांच्या कडा स्पष्ट आहेत, बिल्ला एका जागी स्थिर होता, ही किरणं पितांबरच्या नावावर धरू नयेत. खाली एक ओळ जास्तीची होती. यापुढे बिल्ल्याची पूजा खोलीच्या बाहेर करावी.

पुढच्या दसऱ्याला पितांबर गावाला गेला नाही. भागाबाईनं यंत्राला हार घातला, टेबलाला कुंकू लावलं, एप्रनला लावलं. पितांबरच्या छातीवरच्या बिल्ल्याला तिनं हातही लावला नाही. बाहेर येऊन नुसत्या खिळ्याला कुंकू लावलं, त्यावर झेंडूचं एक फूल अडकवलं आणि पितांबरकडं बघितलं.

"आते बराबर शे ना?"

"बराबर. हलू नका," पितांबर म्हणाला, आणि शिशाच्या दारामागं गेला.