पेनाचं टोपण

आमच्या वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं, की समजायचं आजचं काम गेलं. टोपण लावलेलं पेन ते खिशाला अडकवायचे आणि समोर बसलेल्या पुरुषमंडळींना म्हणायचे, "तुमी जरा च्या पिऊन या." पुरुष कुरकुरत बाहेर जायचे. मग आत राहिलेल्या बाईला ते विचारायचे, "बाई, सही कशावर करताय, ठावं हाय का?"

घर घ्यायचं म्हटलं की वकील लागतो. तुम्हीही कधीतरी गेला असाल कुणाकडे. आपली अपेक्षा काय असते, तर त्यानं कागद पुढं सरकवावा. आमचा वकील कागद धरून बसणारा निघाला.

मी एसटीत कंडक्टर, इस्लामपूर डेपोला. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी माझं डोकं फिरतं. अशा बाईच्या नशिबी हा माणूस यावा, याला काय म्हणायचं?

आमचे मालक फौजेत. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी आमचा संसार भाड्याच्या खोलीत. मग एक घर नजरेत भरलं. खाली दोन खोल्या, वर एक, मागं पेरूचं झाड. विकणारे दोघे भाऊ होते, बोलायला भले. मालकांना वीस दिवसांची सुट्टी मिळाली. या सुट्टीत खरेदीखत झालंच पाहिजे, असं मी ठरवलं. इसार दिला आणि वकीलसाहेबांकडे गेले.

त्यांनी रजिस्टर ऑफिसात बसून तीस वर्षांचे व्यवहार तपासले. काही निघालं नाही. प्रॉपर्टी कार्डावर वडिलांच्या मागं दोन भावांची नावं, बोजा कसला नाही.

"झालं की मग," मी म्हणाले.

"घर बघून येऊ."

"घर बघितलंय मी."

"मी न्हाई बघितलं, ताई."

त्या घरी जाऊन त्यांनी छत्रीनं चारी बाजू मोजल्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, शेजाऱ्यांना हाका मारून विचारलं. मग आत बसून बशीतून चहा पिता पिता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथं एक जुना फोटो होता. खुर्चीत वडील, दोन बाजूंना दोन मुलगे आणि मध्ये दोन वेण्यांची एक मुलगी.

"ही कोण?"

"बहीण आमची," थोरला म्हणाला. "आटपाडीला दिलीया."

"कार्डावर न्हाई ती."

"आवं, लग्नात सगळं केलंय की तिचं. ती कशाला येतीया मागायला?"

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. बहिणीनं स्वतः येऊन हक्कसोडपत्रावर सही केल्याशिवाय ते खरेदीखत करणार नव्हते.

परतताना मी भर रस्त्यात त्यांच्याशी भांडले. "बहीण त्यांची, घर त्यांचं. तुमच्या पोटात का दुखतंय?"

"बापाला तीन लेकरं हुती, ताई. मला दोनच दाखवल्यात."

"सगळी दुनिया असंच करती."

"करती की," ते म्हणाले, आणि उन्हाची छत्री उघडून चालायला लागले.

आठ दिवस भावांनी आज आणतो, उद्या आणतो करण्यात घालवले. नवव्या दिवशी कळलं, की त्यांनी तिला साधा फोनही केला नव्हता. मग मीच रजा टाकली आणि मी, मालक आणि वकीलसाहेब असे तिघं आटपाडीच्या गाडीत बसलो.

ती बाई डाळिंबाच्या बागेत राहत होती. तिनं पाणी दिलं, शेंगदाण्याचे लाडू दिले. वकीलसाहेब तिच्या नवऱ्याला आणि आमच्या मालकांना म्हणाले, "तुमी जरा च्या पिऊन या." आता तिथं मैलभर टपरी नाही. ते दोघे बिचारे अर्धा तास बांधावर उन्हात उभे राहिले.

तिला सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "सही देते की. मला त्यातलं कायबी नको. पण दादानं मला न्यायला यावं. आई गेल्यापास्नं त्या घराचा उंबरा बघितला न्हाई मी. मला कुणी बोलवलंच न्हाई. एक दिस ऱ्हाते तिथं, मग म्हणाल तिथं सही करते."

एवढंच. मला इतका आनंद झाला, की मी तिथूनच थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तिला न्यायला मी जायाचं? सहीसाठी पाया पडू काय तिच्या? यायचं तर ये म्हणावं."

पुढचे दिवस मी त्या माणसाच्या विनवण्या केल्या. मालकांनी केल्या. तो जागचा हलला नाही, आणि तीही न बोलावता येईना. एका बाजूला त्याचा मान, दुसऱ्या बाजूला तिचं मन, आणि मध्ये माझं घर. सुट्टीच्या एकोणिसाव्या दिवशी मी वकीलसाहेबांपुढं हात जोडले. "ती देते म्हणाली ना? सही मागनं घेऊ. आत्ता खरेदीखत करा."

"मागनं कोण येत न्हाई, ताई."

मालकांना मिरजेला गाडीत बसवलं. ते म्हणाले, "राहू दे. पुढच्या सुट्टीत बघू." त्या दिवशी ड्युटीवर मी सुट्ट्या पैशांवरून तिघांशी भांडले.

भावांनी इसार परत केला. महिन्याभरात ते घर एका हार्डवेअरवाल्यानं घेतलं. दुसरा वकील, चार दिवसांत काम.

आता तुम्ही म्हणाल, पुढं बहिणीनं दावा लावला असेल, हार्डवेअरवाला पस्तावला असेल. तसलं काहीही झालं नाही. ती माणसं मजेत आहेत. घराला मोरपंखी रंग दिलाय, पेरूला पेरू लागतात. माझी गाडी रोज त्या कोपऱ्यावर वळते, तेव्हा मी दुसरीकडं बघते.

एकदा राहवेना म्हणून वकीलसाहेबांना ऐकवलंच. "बघा, काय झालं का त्यांचं?"

"न्हाई झालं. बरं झालं," ते म्हणाले. आणि पेन खिशाला अडकवत, "ती तेवढी आली न्हाई घरात."

मला जास्तच राग आला.

दोन वर्षांनी डेपोमागं एक फ्लॅट मिळाला. पेरूचं झाड नाही, पण आपला. कागद करायला मी पुन्हा त्यांच्याकडेच गेले. डेपोतल्या बायका हसल्या. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. लय शिव्या दिल्या होत्या मी त्या माणसाला, पण दुसऱ्या कुणाच्या कागदावर झोप लागली नसती. त्यांनी पाच आठवडे लावले. सहीच्या दिवशी पुरुषांना चहाला पाठवून विकणाऱ्याच्या बायकोला नेहमीचा प्रश्न विचारला. मग माझ्याकडं वळले.

"ताई, तुमच्या माहेरी कसं हाय? सही दिलीसा का?"

"वडील हाइत अजून माझे. आन तुमाला काय करायचंय?"

"कायबी न्हाई," ते हसले, आणि पेनाचं टोपण काढलं.

गेल्या वर्षी ते वारले. मला चार दिवसांनी कळलं. त्यांच्या ऑफिसात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

मधल्या काळात माझे वडीलही गेले. या उन्हाळ्यात माहेराहून, लोणंदहून भावाचा फोन आला. "आक्का, घर विकायचं ठरलंय. तुझी नुसती सही पायजे. अर्ध्या तासाचं काम हाय."

मी रजा काढून गेले. माझे भाऊ वाईट नाहीत. धाकटा मोटरसायकल घेऊन स्टँडवर आला होता. ऑफिसात एक तरतरीत वकील होता. त्यानं कागदाचं शेवटचं पान उघडून ठेवलं होतं आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारली होती. शेजारच्या खुर्चीवर पिशवीत माझ्यासाठी साडी होती. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. "हितं, आन हितं," वकील म्हणाला. जन्मभर मला असाच वकील पाहिजे होता.

मी पेन हातात घेतलं आणि थांबले. आता कुणीतरी विचारेल, असं मला वाटत होतं. थोरला घड्याळ बघत होता. धाकटा फोनवर होता. घर विकू नका, असं मी म्हणणार नव्हते. वाटाही मागणार नव्हते. पण त्या घरात मी वाढले होते, आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तेव्हा मला आमच्या वकीलसाहेबांचाच राग आला. जगातल्या बायकांना विचारत हिंडला हा माणूस, माझं घर घालवलं त्यापायी, आणि माझ्या वेळेला नाही.

मी पेनाला टोपण लावलं.

"काय झालं, आक्का?"

"तुमी दोघं जरा च्या पिऊन या."

"आत्ता? रजिस्टर ऑफिसात नंबर लागलाय आपला."

"लागू दे. वकीलसाहेब, तुमीबी जावा."

ते एकमेकांकडं बघत बाहेर गेले. मी चष्मा लावला, कागद पहिल्या पानावर आणला आणि वाचायला लागले.