परकं गिऱ्हाईक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्कांना या जगात आजवर एकही परका माणूस भेटलेला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. ज्या बाईला परका माणूस भेटतच नाही तिनं वस्तू विकायला बसू नये, आणि अक्का तर कोल्हापुरात भरणाऱ्या झाडून सगळ्या प्रदर्शनांत क्रोशाच्या वस्तू विकायला बसतात. त्यांना मोपेडवरून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आहे. मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला कॉमर्स शिकवते. विक्रेत्याच्या अंगी कोणते गुण असावेत ते आठवडाभर फळ्यावर लिहायचं, आणि रविवारी त्यातला एकही गुण अंगी नसलेल्या बाईशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, असा माझा क्रम आहे.

अक्कांच्या हातात क्रोशाची सुई नसेल तर त्या झोपल्या आहेत असं समजावं. त्यांच्या घरात माणसं सोडली तर उघडं काही सापडायचं नाही. फ्रिजच्या मुठीला झबलं आहे, मिक्सरला फ्रॉक आहे, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर आहे. सिलिंडर बदलायला येणारा माणूस आधी तो परकर उतरवतो, घडी घालून ओट्यावर ठेवतो आणि मगच कामाला लागतो. टीव्हीच्या रिमोटचं कव्हर इतकं घट्ट विणलंय की आतली बटणं दिसत नाहीत, त्यामुळे अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, जे लागेल ते बघतात. अण्णा कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून रिटायर झाले. जन्मभर तापल्या लोखंडापाशी उभ्या राहिलेल्या या माणसाच्या चष्म्याच्या घरावर आता गुलाबी फूल आहे. एका दिवाळीला अक्कांनी माझ्या मोपेडच्या दोन्ही आरशांना टोपडी घातली. मागचं काही दिसत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मागचं कशाला बगतीस? जायचं म्होरंच हाय की."

पण त्यांच्या तोरणांची मी कधीच चेष्टा करत नाही. हिरव्या दोऱ्याचे पोपट, लाल चोची, खाली बारीक मण्यांचे घोस, आणि प्रत्येक पोपटाची मान वेगळी वळलेली. एक तर मागे वळून शेजारच्याशी भांडत असतो. उन्हात ते तोरण दारावर लावलं की घर एकदम कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं वाटतं.

प्रदर्शनाच्या बॅनरवर 'प्रदर्शन व विक्री' असं लिहिलेलं असतं. त्यातलं प्रदर्शन आमच्याकडून नीट पार पडतं. स्टॉल बहुतेक खांबामागे मिळतो, नाहीतर लोणच्यांच्या शेजारी मिळतो, आणि लोक कैरीची फोड चाखून त्याच बोटांनी आमचे पोपट चाचपतात. तरी गिऱ्हाईक येतं. तोरणाला हात लावतं, किंमत विचारतं. अक्का किंमत सांगत नाहीत. अक्का विचारतात, "गाव कंचं तुमचं?" गावावरून नातं निघालं नाही तर माहेर, माहेरावरून नाही तर आईचं माहेर. मराठीत वाट खुंटली की त्या कानडीत शिरतात, कारण त्यांचं स्वतःचं माहेर सीमेला लागून आहे आणि तिकडची निम्मी नाती कानडीतच नांदतात. एकदा जीन्स घातलेली, डोक्यावर गॉगल चढवलेली एक मुलगी आली. बेंगळूरला नोकरी करते म्हणाली. आता ही तरी परकी, म्हणून मी अक्कांच्या पायावर पाय देऊन त्यांना गप्प बसायची खूण केली. तोवर त्या कानडीत सुरूही झाल्या होत्या. त्या मुलीची आजी मलकापूरची निघाली, आणि मलकापुरात अक्कांच्या नणंदेच्या भिंतीला तिच्या आजीची भिंत लागलेली निघाली. मुलगी तोरण, दोन रुमाल आणि जेवायचं आमंत्रण घेऊन गेली. तिनं पाकीट उघडलं तर अक्कांनी ते स्वतःच्या हातानं मिटलं. "नणंदंच्या शेजारची म्हंजे भाचीच की," त्या मला म्हणाल्या, "भाचीकडनं पैसं घिऊ व्हय?" समोर चादरी विकणारा राजस्थानी माणूस तरी सुटेल असं मला वाटलं होतं. तो पूर्वी अक्कांच्या चुलतभावाच्या चाळीत भाड्यानं राहत होता.

शिवाय स्टॉलवर हळदी-कुंकवाचा करंडा असतो. आलेल्या सवाष्णीला रिकाम्या कपाळानं परत पाठवणं त्यांच्या हातून होत नाही. त्यामुळे आमच्या स्टॉलपुढे चांगली रांग असते, पण ती कुंकवाची असते. लोणचंवाल्या बाई लांबून बघतात आणि धंदा जोरात आहे म्हणून माझ्यावर जळतात.

एकदा असंच प्रदर्शनावरून परत आलो. अण्णा जेवत होते. त्यांनी विचारलं, "आज काय खपलं?" अक्का सांगू लागल्या, एक जावेनं घेतलं, एक फौंड्रीतल्या साहेबांच्या मंडळींनी, एक खालच्या मजल्यावर. अण्णा म्हणाले, "ती सगळी तुजं त्वांड बगून घेत्यात. कोण तू, कुठली तू, कायबी ठावं नसताना निस्ती वस्तू बगून कुणी घेतलीया का? तवा मानीन." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि टीव्हीकडे वळले. पण अक्कांनी सुई खाली ठेवली. मला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांचं खरं हाय गं. माजं काम चांगलं हाय, का निस्ती मी चांगली हाय, ह्ये मला अजून कळलं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. मग मी कॉमर्सची सगळी विद्या पणाला लावली. दिवाळीच्या प्रदर्शनाआधी अक्कांना गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली. गाव विचारायचं नाही, माहेर विचारायचं नाही, करंडा घरी राहील, तोंडातून फक्त किंमत बाहेर येईल. त्या दिवशी अक्का दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारख्या बसल्या होत्या. एक बाई म्हणाली, "हे मशीनवरचं दिसतंय." अक्कांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. दुसरी येऊन गेली तेव्हा माझ्या कानाला लागून म्हणाल्या, "ह्या नाकाची माणसं आमच्या गावाकडं हाईत. एकदाच इचारू?" मी नाही म्हटलं. दुपारपर्यंत त्यांचं डोकं दुखायला लागलं. शेवटी मीच त्यांना चहा पिऊन या म्हणून बाहेर पाठवलं.

त्या गेल्या आणि एक बाई आली. साधी साडी, हातात कापडी पिशवी, बरोबर कुणी नाही. ती पोपटांच्या तोरणापाशी थांबली. तिनं तोरण उलटं केलं आणि मागच्या गाठी पाहिल्या. मागे वळून भांडणाऱ्या पोपटाच्या चोचीवरून एक बोट फिरवलं आणि स्वतःशीच हसली. किंमत विचारली, मी सांगितली, तिनं घासाघीस केली नाही. जाताना म्हणाली, "ज्यांनी केलं त्यांना सांगा, ह्यो एक पोपट लई आगाव हाय." आणि गर्दीत गेली.

अक्का कागदी कप धरून आल्या. मी सांगितलं. "तुज्या वळखीची असंल," त्या म्हणाल्या. नाही म्हटलं. "मग माज्या." तुमचं नावसुद्धा तिला ठाऊक नाही, म्हटलं. अक्का खुर्चीत बसल्या, पदर तोंडाला लावला आणि हसल्या. इतकं लहान पोरीसारखं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते हसू चहा संपेपर्यंत टिकलं.

"कंच्या गावची?" त्यांनी विचारलं.

"विचारलं नाही."

"नाव?"

"अक्का, तुम्हीच शपथ घेतली होती ना?"

"शपथ माजी हुती. तुला कुणी अडीवलं हुतं?"

अक्का उठल्या आणि लोणच्यांपासून चादरींपर्यंत सगळा हॉल फिरून आल्या. बाई गेली होती.

घरी गेल्यावर मी अण्णांना सगळी हकिकत सांगितली. अण्णांनी टीव्ही बंद केला, रिमोटचं बटण दिसत नसल्यामुळे भिंतीवरच्याच बटणानं, आणि बायकोकडे वळून म्हणाले, "मानलं." अक्का म्हणाल्या, "मानलासा ते झालं. पर गेलं कुठं वो त्ये?"

तेव्हापासून मोपेडवर मागे बसल्या की त्या माझ्या खांद्यावर थाप मारतात, "हळू घे." मी हळू घेते. त्या रस्त्याकडे बघत नाहीत, दारांकडे बघतात. जिंकल्याचा आनंद त्यांना आहे, पण आपलं तोरण ज्या घरावर आहे त्या घरातली माणसं आपल्याला माहीत नाहीत ही रुखरुख त्याहून मोठी आहे. आधी मला या वेडाचं हसू यायचं. परवा परीक्षेच्या कामासाठी मलकापूरला गेले होते. स्टँडवरून चालता चालता लक्षात आलं, मीही चौकटी बघत चालले आहे. एका दारावर हिरवं काहीतरी दिसलं म्हणून थांबले, तर प्लॅस्टिकची पानं होती. आतून एक बाई आली आणि कोण पाहिजे म्हणाली. काय सांगणार? मी पाणी मागितलं. तिनं आत बोलावलं, तांब्या दिला, चहा ठेवला.

परत आल्यावर अक्कांना सांगितलं की एक दार दिसलं होतं, पण तोरण आपलं नव्हतं. त्या विणत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नसंना का. बाईचं माहेर कंचं?"

या खेपेला मला ते सांगता आलं.