चार इंच उसवलेली शिवण

माझ्या आत्या चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. त्यांनी माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली : त्यांच्या वडिलांचं जॅकेट अस्सल नाही, असं मी सांगावं.

माझ्याकडे जॅकेट घेऊन येणारी बाकीची माणसं नेमकं उलटं ऐकायला आलेली असतात. मी नोकरीत पाटाच्या कामांचे नकाशे तपासतो. उरलेल्या वेळात, गेली सोळा वर्षं, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मेंढीच्या कातड्याची वैमानिकांची जॅकेटं दुरुस्त करतो. युद्धाच्या काळातली, विलायती बनावटीची. आत लोकर, बाहेर तपकिरी चामडं, रुंद कॉलर, पितळी झिप. नवीही करतो. आजवर एकेचाळीस केली आणि प्रत्येकाच्या आत माझा शिक्का मारला, म्हणजे पुढे कोणी ते जुनं म्हणून खपवू नये. तंजावूरच्या उन्हात असला उद्योग करणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर नवरा, असं बायको पाहुण्यांना सांगते.

हा नाद मला का लागला ते घरात कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझे आजोबा, म्हणजे आत्यांचे वडील, युद्ध चालू असताना गावाबाहेरच्या विमानतळावर दुरुस्तीघरात शिवणकामाला होते. तंबू, पट्टे, फाटलेली जॅकेटं त्यांच्याकडे यायची. एकदा गोदामाच्या मोजणीत एक जॅकेट कमी भरलं आणि तशाच प्रकारचं एक आमच्या घरात सापडलं. आजोबांनी सांगितलं, हे मी टाकून दिलेल्या तुकड्यांतून जोडलं आहे. कोणी ऐकलं नाही. पुरावा नव्हता म्हणून खटला झाला नाही आणि जॅकेटही परत नेलं नाही, पण काम गेलं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकी. तिथे अशी गोष्ट शिळी होत नाही. माझ्या वडिलांच्या लग्नातसुद्धा कोणीतरी विचारलं होतं म्हणे, नवरदेवाचा कोट घरचा की गोदामातला.

जॅकेट जवळच्या पापनाशम गावी आत्यांच्या घरी होतं. मी ते पूर्वी दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा हात लावला नव्हता. मला पुरतं शिकायचं होतं, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे भीती वाटत होती.

यंदा आमच्या मराठी घरांनी मिळून जुन्या वस्तूंचं एक दिवसाचं प्रदर्शन ठरवलं. भरवणाऱ्यांनी आत्यांकडे जॅकेट मागितलं आणि त्याच्याखाली लावायची ओळ फोनवर वाचून दाखवली : ‘विमानतळाच्या गोदामातलं वैमानिकाचं जॅकेट.’ त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. आत्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जॅकेट घेऊन माझ्याकडे आल्या. प्रदर्शनाला अकरा दिवस होते.

“ती ओळ लागली तर माझ्या बापाला मी माझ्या हातानं चोर म्हटल्यासारखं होईल,” त्या म्हणाल्या. “तू मोजून सांग. सगळी तुझ्या मोजण्यावर हसतात, आता मोज.”

मी म्हणालो, मोजतो, पण जे निघेल तेच सांगेन. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुझ्याकडे आले.

पहिल्या दिवशी जे जे तपासलं ते बहुतेक सगळं आजोबांच्या विरुद्ध गेलं. कॉलरखाली मापाच्या आकड्याची कापडी पट्टी होती आणि ती खरी होती. धाग्याचं टोक जाळून पाहिलं, राख झाली, म्हणजे सुती. झिप पितळी, त्या काळची. या जॅकेटांत दोन कातडी जिथे जुळतात तिथे वरून चामड्याची अरुंद पट्टी शिवलेली असते. त्या पट्टीवरचे टाके मोजले. इंचाला सात, सगळीकडे सात. कारखान्यातल्या यंत्रासारखे. पण आजोबाही दुरुस्तीघरातल्या तसल्याच यंत्रावर, तसल्याच धाग्याने काम करत. तेव्हा टाक्यांवरून दोन्ही बाजूंनी काहीच ठरत नव्हतं. मी वहीत एका रकान्यात अस्सल आणि दुसऱ्यात जोडलेलं असं लिहिलं होतं. पहिल्या रकान्यात तीन ओळी झाल्या, दुसरा कोरा.

तुकडे निरनिराळ्या जॅकेटांचे आहेत का, हे ओळखायची सोपी खूण लोकरीची असते. कारखान्यात कातडी बेतताना लोकरीचा कल मानेकडून खाली ठेवतात. रद्दी तुकड्यांतून जोडणाऱ्याला तसं निवडता येत नाही. एखादा तुकडा उलटा लावावाच लागतो. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा आतून हात फिरवला की कळतं. मी फिरवला. लोकर सगळीकडे सारखीच गठ्ठा झालेली, घोंगडीसारखी. कल उरलाच नव्हता. मग मापं घेतली, तर एक बाही दुसरीपेक्षा पाऊण इंच आखूड, आणि पुढची झिप चामड्यापेक्षा लांब, म्हणून लाटांसारखी वाकलेली. चामडं आटलं होतं.

खाली येऊन मी आत्यांना विचारलं, याला कधी पाणी लागलं होतं का?

“पाणी कशाला लागेल? न्हाऊ घातलेलं.”

आमच्यात स्वयंपाकघराच्या आत चामडं चालत नाही, आणि जॅकेट ठेवायला दुसरी जागा नव्हती. लोकर चालते, लोकर मडीची, म्हणजे सोवळ्याची. आता एकाच वस्तूची एक बाजू लोकर आणि दुसरी चामडं असेल तर काय करायचं, यावर आजीला कोणी शास्त्र सांगू शकलं नाही. तिने स्वतःच निकाल दिला : जॅकेट उलटं करून लोकर बाहेर ठेवायची, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहाटे घरातली माणसं न्हातात तसं त्यालाही तिळाचं तेल चोळून शिकेकाई आणि कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, म्हणजे वर्षभराचा विटाळ गेला. तीन दिवाळ्या हे चाललं. तिसऱ्या वर्षी ते लाकडासारखं झालं, तेव्हा थांबवलं.

आत्या हे सांगताना हसत होत्या. मला हसू आलं नाही. जी खूण आजोबांच्या बाजूने बोलू शकली असती ती त्यांच्याच बायकोने तीन दिवाळ्यांना धुऊन काढली होती.

बाह्यांमधला पाऊण इंच मी दुसऱ्या रकान्यात लिहिला आणि खोडला. वेगवेगळ्या मेंढ्यांची कातडी वेगळी आटणारच, कारखान्यातल्या एकाच जॅकेटातही आटतील. तो पुरावा नव्हता. आता एकच मार्ग राहिला होता : शिवणीवरची चामड्याची पट्टी उसवून तिच्याखालची कातड्याची कड पाहायची. आणि चामडं इतकं ठिसूळ झालं होतं की पट्टी काढताना कड तुटली असती, तर जे पाहायचं तेच नाहीसं झालं असतं. ऐंशी वर्षं ज्याच्यावरून बोलणी खाल्ली ते मीच फाडणार, आणि वर निघणार काय, तर कदाचित आजोबा खोटं बोलले एवढंच.

मी चार दिवस काही केलं नाही. म्हणजे लोकरीच्या चरबीचं मलम शिवणीवर लावत राहिलो, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि वाट पाहिली. नोकरीत एका नकाशात उतार उलटा लिहून बसलो. असं माझं होत नाही. आत्या आमच्याकडेच राहिल्या होत्या. त्या काही विचारत नसत, फक्त मी जिना उतरलो की माझ्या हातांकडे पाहत. बायको म्हणाली, नाही जमत म्हणून सांगून टाका. पण नाही जमत म्हटलं असतं तर ती ओळ तशीच लागली असती.

पाचव्या दिवशी डाव्या काखेखालची शिवण निवडली, कारण ती कोणाला दिसत नाही. एकेक टाका कापून चार इंच पट्टी सोडवली. पाऊण तास लागला. चामडं कुरकुरलं पण तुटलं नाही.

खाली कडेला भोकांच्या दोन रांगा होत्या. एक चालू शिवणीची. दुसरी जुनी, रिकामी, तिरपी जात जात कडेवरून बाहेर पडलेली. म्हणजे हा तुकडा पूर्वी वेगळ्या आकारात कुठेतरी शिवलेला होता आणि नंतर कापून इथे बसवला होता. पण एखाद्या अस्सल जॅकेटाला काखेत ठिगळही लागलेलं असू शकतं. म्हणून उजव्या खांद्यामागे आणखी दोन इंच उसवलं. तिथे आणखी एक गोष्ट मिळाली. पट्टीखाली चेपून राहिलेल्या लोकरीपर्यंत शिकेकाई पोचली नव्हती. दाभणाच्या टोकाने ती सोडवली. पाठीच्या तुकड्याची खाली वळत होती, बाहीची वर. बाही उलटी लावली होती. आणि बाहीच्या कडेलाही रिकाम्या भोकांची रांग होती.

मी वहीत लिहिलं : निदान दोन जॅकेटांचे तुकडे. तीन असावेत असं वाटलं, पण तीन म्हणण्याइतका पुरावा नव्हता. कापडी पट्टीही तशीच कुठून तरी आलेली असणार. ते मी लिहिलं नाही.

आत्यांना वर बोलावलं, भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. भोकं बोटाने मोजली, चुकल्या, पुन्हा मोजली.

“अख्खं उचललेलं नाही ना हे?”

“नाही. अख्खं नाही.”

त्या पत्र्याच्या खोलीतल्या एकुलत्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, आता लिही, टाकलेल्या तुकड्यांतून जोडलेलं. मी म्हणालो, निरनिराळ्या जॅकेटांच्या तुकड्यांतून, एवढं लिहितो. तुकडे टाकलेले होते हे चामड्यावर दिसत नाही.

“म्हणजे तुकडे चोरले असतील?”

“तसं मी म्हणत नाही, आत्या. मला दिसलं नाही एवढंच म्हणतो.”

“मला दिसलंय. पोत्यातून आणायचे. वास यायचा म्हणून आई दारातच ठेवायला लावी. मी चार वर्षांची होते.”

चार वर्षांच्या मुलीला किती आठवतं आणि ऐंशी वर्षं ऐकून किती आठवायला लागतं, हे मला मोजता येत नाही. तसं मी त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या आजोबांकडेही तुझ्यासारखाच एक मोजणारा आला होता.

रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही ओळ ठरवली. आमच्यातल्या फार थोड्यांना देवनागरी वाचता येते, आत्यांनाही येत नाही, म्हणून तमिळ वर आणि मराठी खाली : ‘विमानतळाच्या दुरुस्तीघरात शिवणकाम करणाऱ्याने निरनिराळ्या जॅकेटांच्या तुकड्यांतून जोडलेलं जॅकेट. तुकडे टाकून दिलेले होते, असं त्याची मुलगी सांगते.’ शेवटचे चार शब्द आत्यांना नको होते. मी ते काढले नाहीत. त्यांनी तमिळ ओळ दोनदा वाचली आणि मग म्हणाल्या, राहू दे, मुलगी सांगते हे तरी खरंच आहे.

मी शिवणी पुन्हा बंद करायला घेतल्या, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. खांद्याची शिवू दिली, काखेतली नाही. लोकांना दिसायला हवं, म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी त्या जॅकेटाजवळ खुर्ची घेऊन बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाला विणायच्या सुईने काख उचलून रिकाम्या भोकांची रांग दाखवत होत्या. ओळ किती जणांनी वाचली मला माहीत नाही. भोकं सगळ्यांनी पाहिली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग मागितलं, पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेले. आत्या त्यांच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

जॅकेट आता पुन्हा पापनाशमला आहे. घरी कोणी आलं की आत्या ते काढतात, शेजारी, दूधवाला, कोणीही, आणि सुई घालून दाखवतात. मी महिन्यातून एकदा जातो, मलम लावतो, काखेतल्या उसवणीवर मोजपट्टी ठेवतो. उसवली तेव्हा शिवण चार इंच होती. दुसऱ्या महिन्यात सव्वाचार. गेल्या रविवारी साडेचार भरली, आणि टोकाला चामडं पातळ झालंय. शिवून टाकू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अजून सगळ्यांनी पाहिलेलं नाही.