सव्वा व्होल्टवर

लग्नाला वर्ष होत नाही तोच नवऱ्याला पुण्याकडच्या कारखान्यात काम लागलं आणि रिठदच्या घरात मी अन् सासरे असे दोघंच उरलो. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते सकाळीच भाजीच्या वावरात जात, दुपारी जेवायला येत आणि जरा पाठ टेकून पुन्हा जात. आमच्यात बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि "बस झालं."

मी अमरावतीला कॉम्प्युटर शिकलेली. माहेराहून माझा जुना डेस्कटॉप आणला होता. रिकाम्या दुपारी मी त्याच्या प्रोसेसरचा वेग वाढवत बसायची. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं, त्यासाठी व्होल्टेज जरा चढवायचं, मग जड काम देऊन तो टिकतो का ते पाहायचं. नाही टिकला की स्क्रीन निळी पडायची. पुन्हा सुरू करायचं. जुन्या मोबाईलवरही हेच करून पाहिलं, पण तो हातात धरवेना इतका तापला, तेव्हा त्याचा नाद सोडला.

उन्हाळा लागला आणि डेस्कटॉपचीही तीच गत झाली. वर टिनाचं छत, त्यात वाढवलेलं व्होल्टेज. पंखा घरघरायला लागला की स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"काहून वं बाई, कायले तपवून राह्यली त्याले?" एकदा मामाजींनी जेवताना विचारलं.

"असंच," मी म्हटलं. सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, तेच कळलं नाही.

मग मी उलटं केलं. वाढवलेला वेग तसाच ठेवला आणि व्होल्टेज थोडं थोडं खाली आणत गेले. कितीतरी दिवस स्क्रीन निळी पडत राहिली. शेवटी सव्वा व्होल्टवर तो तग धरून राहिला. सगळी दुपार त्याला राबवलं, तरी पडला नाही. पंख्याचा आवाजही उतरला. मी एकटीच टाळी वाजवली आणि लगेच नवऱ्याला फोन लावला.

"झालं! कमी व्होल्टेजवर चालला!"

"काय चाललं?" मागे मशीनचा आवाज होता. "मी ड्युटीवर हाय. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी तो मेसच्या जेवणाबद्दल बोलला. मी विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजी जेवून उठले, माझ्या खोलीच्या दारात थांबले.

"आज हे वरडून नाई राह्यलं."

"व्होल्टेज कमी केलं, मामाजी. वेग तेवढाच आहे."

ते उंबऱ्यावर बसले. "म्हंजे काय केलं?"

मी सांगत गेले. चुकलेले सगळे आकडे, निळी स्क्रीन, सगळं. ते मधूनमधून मान हलवत होते.

"मले काई समजलं नाई," शेवटी ते म्हणाले, "पन तू आज लय बोलली."

आणि ते वावरात गेले.

दिवाळीला नवरा चार दिवस आला. त्यानं त्याच कॉम्प्युटरवर पिक्चर पाहिला, "मस्त चालते" म्हणाला आणि गेला. मी काही सांगायला गेले नाही. आता मामाजी जेवण झालं की कधीकधी उंबऱ्यावर बसतात. बाकीची दुपार माझी मलाच काढावी लागते.