नाकावरून चित्रकार

लालासाहेब फौजेतून कायमचे पलूसला परतले, तेव्हा त्यांची नऊ वर्षांची लेक शिवांजली त्यांना फोनवर म्हणायची तसं 'पप्पा' म्हणेना. 'आवं' म्हणायची. पाहुण्याला म्हणावं तसं.

त्यामुळं कराडच्या बालवाचनालयातल्या स्पर्धेला, आईला सुट्टी नव्हती म्हणून का होईना, तिनं त्यांना जोडीला घेतलं, तेव्हा लालासाहेब हरखले. ही जोडी टिकली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात.

स्पर्धा साधी. मुलांच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवणार, नाव झाकून. चित्रकार कोण, ते जोडीनं ओळखायचं.

"ह्यात काय अवघड हाय?" लालासाहेब म्हणाले. त्यांची सगळी नोकरी विमानविरोधी तोफेवर गेलेली. नुसत्या काळ्या आकृतीवरून आपलं विमान कुठलं, परकं कुठलं, ते सांगायचं. रंगाला भुलायचं नाही. पंख बघायचे, शेपूट बघायची.

सोप्यात पुस्तकं पसरून, त्यांच्यावरची चित्रकारांची नावं बघत ते बसले. "ही संयोगिता. हिच्या माणसांना मानच नसती. हा आर्जव. ह्याची नाकं वांग्यागत. झालं पाठ!"

"आवं, ती चित्रं हायती का दुश्मनाची विमानं?" बायको क्रांती आतून म्हणाली. "पोरीला गोष्ट तरी वाचू द्या."

"गोष्टीत शिरलं की नेम चुकतो."

"पण आर्जवनं हितं मांजर काढलंय," शिवांजली म्हणाली. "त्याचं नाक कुठाय वांग्यागत?"

लालासाहेबांनी मांजर जवळून बघितलं, लांबून बघितलं. "मांजर सोड. माणसं बघ."

स्पर्धेत बाईंनी चित्र वर धरलं. एसटी स्टँड, बाकावर म्हातारी, शेजारी शेळी. रंग नाही, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. आणि म्हातारीचं नाक सुईसारखं!

"आर्जव," शिवांजली कुजबुजली.

"न्हाई गं. नाक बघ की."

"आर्जवच हाय."

"आन् मान कुठं दिसती? संयोगिता हाय ही."

"पदर हाय तिथं!"

पण लालासाहेब उठून उभे राहिले होते. "संयोगिता!" आवाज कवायतीचा.

"नाही," बाई म्हणाल्या. "आर्जव. त्यांचं नवीन पुस्तक आहे."

"आवं बाई, नाक बदललंय त्यानं! असं चालतं व्हय? विमान कवा पंख बदलतंय का?"

सभागृह हसलं. शिवांजली हसली नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. लालासाहेबांनी विचारलं, "तू कशावरनं वळखलंस?"

"काय म्हाईत. त्याच्या चित्रातली सगळी कुठंतरी निघाल्यागत दिसत्यात."

लालासाहेबांनी तिच्या मांडीवरचं आर्जवचं पुस्तक उघडलं. झाडाखाली पोरं, दारात बाई, भिंतीवर मांजर. "उभीच हायती की गं."

"उभीच हायती. पण निघाल्यात."

"कशावरनं? पायावरनं?"

"न्हाई."

"मग डोळ्यावरनं?"

"पप्पा, तुकडं नका करू. सगळं बघा."

लालासाहेब सगळं बघायला लागले. काहीच निघालेलं दिसेना. दुसरं पान, तिसरं पान. गाडीच्या हिसक्यानं मांजर जरासं हललं, की खरंच निघालं?

"फुडच्या बारीला कुणाला नेणार?" त्यांनी पुस्तकातून मान वर न करता विचारलं.

"तुमालाच. पण तुमी बोलायचं न्हाई."

"व्हय," ते म्हणाले, आणि पुन्हा मांजराकडं बघत राहिले.